डाव्या बाजूची खिडकी

मिस्त्रींनी लाकडी विमान उचललं आणि डावी बाजू भिंतीकडे करून पुन्हा स्टँडवर ठेवलं. दोन पावलं मागे येऊन पाहिलं. इथून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

"असं भिंतीकडे तोंड करून काय होणार आहे?" बायको म्हणाली. ब्रश अजून तिच्या हातातच होता.

"साहेब या बाजूने मापं घेतील आणि घेऊन जातील."

"ते? ते शेपटीखालीसुद्धा वाकून बघतात."

हे खरं होतं. साहेब नोकरीतून निवृत्त झाले होते, मोजमापातून नाही. त्यांची सारी उमेदीची वर्षं लष्कराच्या टेहळणी विमानात गेली होती आणि पाठीवरच्या रडारच्या तबकडीसकट त्याच विमानाची लाकडी प्रतिकृती त्यांना हवी होती. उद्या जुन्या सोबत्यांचा मेळावा होता, तिथे मधल्या टेबलावर ठेवायला. आधीची दोन विमानं त्यांनी नाकारली होती. पहिल्याची तबकडी दोन मिलिमीटर उंच निघाली, दुसऱ्याचं नाक त्यांना उगीचच गुबगुबीत वाटलं. नवरा-बायकोने घरात त्यांचं नाव मिलिमीटर ठेवून टाकलं होतं. मोजून झालं की ते 'ड्रॉइंगप्रमाणे आहे' म्हणत, नाहीतर 'ड्रॉइंगप्रमाणे नाही'. कौतुक किंवा राग यापुढे जात नसे.

मिस्त्री लाकूड घडवत आणि बायको रंगवत असे. तिचा हात बसलेला होता तो प्रवासी विमानांवर. प्रवास कंपन्यांच्या काउंटरवरची शेकडो विमानं तिने रंगवली होती, आणि त्यांना खिडक्यांची रांग असते. सकाळी राखाडी रंगावर शेवटचा पट्टा ओढताना ती रेडिओबरोबर गुणगुणत होती. हात आपल्या सवयीने पुढे गेला आणि पंखाच्या मागे एक इवलीशी निळी खिडकी उमटली. दुसरी काढण्याआधी ती भानावर आली. या विमानाला बाजूला खिडकी नसतेच. पुसावी तर खालचा राखाडी उखडणार, आणि तो पुन्हा वाळायला दोन दिवस लागणार.

साहेब दहाच्या ठोक्याला आले. ड्रॉइंगची घडी उलगडली, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला, तबकडी मोजली, नाक मोजलं, शेपटीखाली वाकून पाहिलं.

"इथपर्यंत ड्रॉइंगप्रमाणे आहे," ते म्हणाले.

मिस्त्री घाईघाईने खोका पुढे ओढू लागले. बायकोला ते बघवेना. तिने विमान दोन्ही हातांनी उचललं आणि सरळ फिरवून ठेवलं.

"साहेब, ही खिडकी माझ्याकडून चुकून पडली. तुमचा उद्याचा कार्यक्रम आहे, मला फार वाईट वाटतंय."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे विमानाला लावले.

"वहिनी, ही नेमकी इथेच का काढलीत?"

"पंखामागची पहिली खिडकी. मी नेहमी तिथूनच सुरुवात करते."

"माझी खुर्ची इथे होती," साहेब म्हणाले. "चौदा वर्षं."

मिस्त्रींनी खोका खाली ठेवला.

"मग खिडकीशिवाय खालचं कसं दिसायचं?" बायको म्हणाली.

"पडद्यावर सगळं. तीनशे किलोमीटरवर कोण उडालं, कुठे वळलं, ते पहिल्यांदा मला कळायचं. पण बाहेर ऊन आहे की ढग, हे मात्र पायलटला विचारावं लागायचं. तो वैतागायचा." ते हसले. त्यांना हसताना दोघांनी पहिल्यांदाच पाहिलं. "मी रोज विचारायचो."

"दोन दिवस दिलेत तर पुसून देते," ती हळूच म्हणाली.

व्हर्नियर उघडून साहेबांनी खिडकीची रुंदी मोजली, मग उंची, मग पंखापासूनचं अंतर. मिस्त्रींच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली. ड्रॉइंग टेबलावर सपाट केलं आणि पंखामागे एक छोटा चौकोन काढून शेजारी तिन्ही मापं लिहिली.

मग त्यांनी ड्रॉइंगकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं.

"ड्रॉइंगप्रमाणे आहे," ते म्हणाले.