टांगून ठेवलेले अकरा सेकंद

मी कोमल. राहणार टाकवे बुद्रुक, कामाला कामशेतच्या एका फोटो स्टुडिओत. आमच्याकडे लग्नाच्या व्हिडिओच्या एडिटिंगला मिक्सिंग म्हणतात. मिक्सिंगवाली पोरगी म्हणजे एसीत बसून लोकांची लग्नं बघणारी, असा आख्ख्या गावाचा समज. एसी नाही. पंखा आहे, तोही कॉम्प्युटरकडे तोंड करून.

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगते, कारण पुढचा घोळ त्यातूनच झाला. आमचे मालक आदिनाथदादा यांची लग्नं तीन तासांची. गुलाबाच्या पाकळ्या उडणार, बदामाच्या आकारातून नवरा-नवरी बाहेर येणार, आणि आहेर पन्नास मिनिटं. एकेक पाहुणा येतो, टोपी-कपड्याचं ताट देतो, कॅमेऱ्याकडे बघतो, जातो. रोज ते बघून माझं डोकं उठायचं.

मग मला हौशीराम आबा भेटले. इंदुरीला किल्ल्याजवळ राहतात. मुंबईच्या एका स्टुडिओत बावीस वर्षं फिल्म कापायचं आणि जोडायचं काम केलेला माणूस. मी हात जोडले, शिकवा म्हणाले. आबा म्हणाले, दर रविवारी ये. पहिल्या रविवारी त्यांनी पत्र्याच्या डब्यातून जुन्या फिल्मचा फूटभर तुकडा काढला आणि उजेडाला धरला.

"मोज. सोळा चित्रं हायत. सेकंदाला चोवीस लागत्यात. आमी ह्ये कात्रीनं कापायचो, सिमेंट म्हंजी फिल्मचा गोंद लावून जोडायचो. चुकलं की चित्र गेलं."

"आणि उरलेले तुकडे?"

"दोरीला टांगायचे, खाली कापडाची पिशवी. फेकायचं न्हाई. आज नको वाटलेला तुकडा उद्या हुडकत बसायला लागतो."

आबा माझा पुरा झालेला व्हिडिओ कधी बघायचेच नाहीत. त्यांचं एकच, "तू काय कापलंस ते दाव." म्हणून मी पेनड्राइव्हवर एक फोल्डर केलं, नाव ठेवलं 'दोरी'. कापलेलं सगळं त्यात टाकून रविवारी घेऊन जायचे. एकदा त्यांनी सांगितलं, शंभर वर्षांपूर्वी रशियातल्या एका मास्तरानं माणसाचा एकच चेहरा घेतला. त्याच्याशेजारी जेवण लावलं की लोक म्हणाले हा भुकेला, मयत लावलं की म्हणाले दुःखी. चेहरा तोच. मला तर त्या दिवशी शिंगंच फुटली.

त्या शिंगांनी मी रखमाजीभाऊंच्या मुलीचं लग्न कापलं. तीन तासांचं चाळीस मिनिटांवर आणलं. आहेर सहा मिनिटांत बसवला. सीझन होता, आदिनाथदादांनी न बघताच दिलं.

रखमाजीभाऊ आमच्याच गावचे. व्हिडिओ बघायला त्यांच्या घरी सगळी भावकी जमली, मीही मिरवायला गेले. कान्ह्याहून त्यांची थोरली बहीण कस्तुराबाई आल्या होत्या. आता हे नीट सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी कस्तुराबाईच्या मुलाच्या लग्नात मामाच्या, म्हणजे रखमाजीभाऊंच्या, मानाचा फेटा गडबडीत दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावर बांधला गेला. रखमाजीभाऊ उपाशी निघून आले, ते नऊ वर्षं बोलणं बंद. या लग्नाला त्या आपण होऊन आल्या, भावासाठी टोपी-पोशाखाचं ताट घेऊन. म्हणजे नऊ वर्षांनी पहिलं पाऊल.

आणि ते मी कापलं होतं.

पडद्यावर आहेर संपला, पंगत सुरू झाली, तशी कस्तुराबाई उठल्या. "समद्यांची ताटं दिसली," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझंच काढून टाकलं. इतकं व्हतं तर बोलवायचं तरी कशाला." पदर सावरला आणि निघाल्या. रखमाजीभाऊ आक्का, आक्का करत रस्त्यापर्यंत गेले. रिक्षा थांबली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊ स्टुडिओत हजर. "मी सांगितलं व्हतं का तुला, माझ्या भनीला काढ म्हणून? न्हाई ना? मग तिला जाऊन सांग. माझं ऐकत न्हाई, फोन उचलत न्हाई."

मी मान खाली घातली. आदिनाथदादांनी कपाळाला हात लावला. लग्न दिलं की आम्ही हार्डडिस्क मोकळी करतो, पुढचं लग्न उभंच असतं. मूळचं सगळं पुसलं होतं. भाऊंची नऊ वर्षं आणि माझी सहा मिनिटांची हुशारी! मग आठवलं, दोरी.

सापडलं. कस्तुराबाई, म्हणजे आम्हा गावच्या पोरींच्या आत्या, ताट घेऊन येतात, भावाच्या हातात देतात, मान खाली घालून वळतात. पुढे अकरा सेकंद रखमाजीभाऊ नुसते ताट धरून उभे, नजर बँडवाल्यांकडे. म्हणूनच तर कापलं होतं, काही घडतच नव्हतं.

मी शक्कल लढवली. पाठवणीच्या वेळी भाऊ ढसाढसा रडले होते, तो तुकडा तयार व्हिडिओतून उचलला आणि आत्यांच्या चेहऱ्यापुढे लावला. आत्या ताट देतात, भाऊ रडतात. अहाहा. माझं मलाच रडू आलं. रविवारची वाट न बघता लॅपटॉप घेऊन बस पकडली आणि इंदुरी गाठलं.

आबांनी बघितलं. "झ्याक जमलंय," म्हणाले. "पर ती त्याची भन हाय. तिला ठावं आसंल न, तवा त्यो रडला का न्हाई."

माझा फुगा तिथंच फुटला.

"बँडचा आवाज बंद कर आन मूळ तुकडा बघ. त्याच्या तोंडाकडं नको, हाताकडं."

बघितला. आहेरात नवरीच्या बापाच्या मागे एक माणूस उभा असतो. बापाने ताट घ्यायचं, लगेच मागे द्यायचं, त्याने थप्पी लावायची. शंभर वेळा बघितलंय मी. इथे मागच्या माणसाने हात पुढे केला. भाऊंनी ताट दिलं नाही. त्याने ताट ओढलं, भाऊंनी छातीशी धरलं. चेहऱ्यावर काही नाही, बघतायत बँडकडे, पण ताट सोडत नाहीत. पुढचा पाहुणा येऊन उभा राहिला तरी सोडलं नाही. आणि आत्यांनी यातलं काहीच पाहिलं नव्हतं, कारण त्या पाठ करून निघाल्या होत्या.

मला माझाच एवढा राग आला की काय सांगू. हे मी कंटाळवाणं म्हणून कापलं होतं.

तिथेच बसून लॅपटॉपवर जोडलं. नुसते अकरा सेकंद लावले तर कुणाला कळणार नाही, म्हणून आधी तीन पाहुण्यांची ताटं लावली. घेतलं, मागे दिलं. घेतलं, मागे दिलं. घेतलं, मागे दिलं. मग आत्यांचं ताट, आणि पुढचे अकरा सेकंद जसेच्या तसे, कुठेही हात न लावता. आबा चहा टाकायला उठले.

तिसऱ्या प्रहरी कान्ह्याला आत्यांच्या दारात गेले. म्हणाले, "आत्या, मी मिक्सिंगवाली. कापलं मी, भाऊंनी नाही. शिव्या द्या, पण आधी हे बघा." शिव्या दिल्या, दोन-तीन अस्सल. मग लॅपटॉपसमोर बसल्या.

पहिल्यांदा बघताना त्या फक्त स्वतःला बघत होत्या. "पुन्यांदा लाव," म्हणाल्या. दुसऱ्या वेळी पुढे वाकल्या. तिसऱ्या वेळी भावाच्या हातांवर बोट ठेवलं.

"मागं का दिना ह्यो?"

"तुमचं एकच ताट नाही दिलं, आत्या. शंभरातलं एक."

त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि माझ्याकडे हात पुढे केला. "नंबर लाव त्याचा."

मी लावला, स्पीकर चालू केला. पहिल्याच रिंगला उचलला.

"रखमा," आत्या म्हणाल्या, "ती टोपी बसती का रं तुला?"



"आक्का," भाऊ म्हणाले, "लग्नापास्नं तीच घालतोय."