लिंबूटिंबूचा रिमोट

बोलणारा मी, दोन नंबरचा रिमोट. दोन नंबरचा म्हटल्यावर लगेच भुवया उंचावू नका, धंदा माझा सरळ आहे. व्हिडिओ गेमच्या खोक्यात दोन रिमोट यायचे, त्यातला मी दुसरा. एक नंबरवाला माझा जुळा भाऊ. एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून आम्ही निघालो. पोटात तेच रबर, अंगावर तीच बटणं. पण त्याच्या पाठीवर एक छापलं गेलं आणि माझ्या पाठीवर दोन, तेवढ्यावरून त्याचा तोरा बघवत नसे.

आम्हाला घरात आणलं पोरांच्या मावशीने. घरात एक ताई होती, शाळेत जाणारी, आणि तिच्या पाठचा भाऊ, ज्याला अजून बुटाची नाडीही बांधता येत नव्हती. ताईने खोकं उघडलं, एक नंबर उचलला आणि टीव्हीसमोर मांडी ठोकली. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मग धाकट्याने भोकाड पसरलं, मलाही पाहिजे म्हणून.

लिंबूटिंबू तुम्हाला माहीत असेलच. सगळ्यात लहान पोराला मोठी पोरं खेळात घेतात, कारण नाही घेतलं तर ते आईकडे चहाडी करतं. ते पळतं, ओरडतं, पण त्याच्यावर कधी राज्य येत नाही आणि ते कधी बाद होत नाही. बिचाऱ्याला वाटतं आपण खेळतोय. ताईने तेच केलं. माझी वायर टेबलामागे सोडून दिली, जोडलीच नाही, आणि मला त्याच्या हातात कोंबलं. पडद्यावरचा गडी ताईच्या बटणावर उडी मारायचा आणि हा इकडे मला दाबदाबून ओरडायचा, मी उडवला, मी उडवला! ताई म्हणायची, वा रे टिंबू. तेच नाव त्याला चिकटलं.

माझी काय अवस्था झाली असेल, सांगा. दिवसभर घामट बोटांनी कुटून घ्यायचं आणि हाती काही नाही. नुसती हमाली. टिंबूची मला कीव यायची, आणि खरं सांगतो, स्वतःची त्याहून जास्त.

एक दिवस आई केर काढत होती. टेबलामागे झाडू अडकला म्हणून तिने माझी वायर ओढून काढली आणि ही कसली शेपटी लोंबतेय म्हणत टिंबूच्या मांडीवर टाकली. टिंबूने वायरच्या टोकाकडे बघितलं, मग पडद्याकडे. गडी मजेत पळत होता. ताईचा चेहरा पडला. मला वाटलं, आता हा घर डोक्यावर घेणार. पण तो उठला, गेमच्या यंत्रापुढे ओणवा झाला, माझं टोक दुसऱ्या भोकात खुपसलं आणि परत येऊन बसला.

"ताई, आता मी बाद होणार ना?" त्याने विचारलं.

झाला की! पहिल्याच खड्ड्यात. आणि असा खूश झाला, की जणू जिंकला. मीही खूश. पहिल्यांदाच माझ्या बटणाने पडद्यावर कुणीतरी हललं होतं, मग भले ते खड्ड्यात का पडेना.

पुढची वर्षं म्हणजे मजाच मजा. दोघांचा आवडता खेळ छपरांच्या शर्यतीचा. दोन गडी छपरांवरून उड्या मारत पळायचे, जो आधी टोकाला पोचेल तो जिंकला. शेवटचं छप्पर लांब होतं. तिथे बटण पटकन दोनदा दाबावं लागे, जरा चुकलं की गडी खाली. ताई सहसा चुकायची नाही. बाबा कधीमधी खेळायला बसायचे तेव्हा गड्याबरोबर स्वतःही कलायचे, एकदा तर खुर्चीसकट आडवे झाले. आईने कधी मला हात लावला नाही, पण ऐन शर्यतीत मिक्सर लावून दिवे घालवायचं काम तिने नेमाने केलं.

मग पोरं मोठी झाली. ताई केस कापायला शिकली आणि तिने स्वतःचं दुकान टाकलं. टिंबू गणिताचा मास्तर झाला, लग्न करून शेजारच्या गल्लीत राहायला गेला. खेळ मोबाइलमध्ये शिरले. आम्हा दोघा भावांना आमच्याच वायरींनी बांधून माळ्यावर टाकलं. तिथे एक नंबरवाल्याशी माझं पहिल्यांदा जमलं. अंधारात नंबर कुणाला दिसतोय?

परत खाली आलो ते ताईच्या अंगठ्यामुळे.

काचेचा ग्लास विसळताना तिच्या हातात फुटला आणि उजव्या अंगठ्याची शीर तुटली, ती, जी अंगठा वाकवते. डॉक्टरांनी जोडली. पट्टी सुटली तेव्हा अंगठा काठीसारखा ताठ. आता केस कापणाऱ्या बाईचा उजवा अंगठा म्हणजे काय, हे मी सांगायला नको. कात्रीच्या कडीत तो जातो, तोच चालतो. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबराचा चेंडू दिला होता, तो ताईने कपाटामागे भिरकावला. दुकानाचं कुलूप तसंच होतं. मी गेले, म्हणायची, आता मी कामातून गेले.

टिंबू माळ्यावर चढला, आमच्यावरची धूळ झटकली, आईच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला गेमचं यंत्र जोडलं. बाईंना आधी विचारून आला होता. त्या म्हणाल्या होत्या, खेळू दे, दुखलं की थांबायचं. एक नंबरवाल्याचं उडीचं बटण फार घट्ट, म्हणून तो त्याने घेतला आणि मऊ बटणाचा मी ताईला दिला. मी मऊ का, तर यानेच लहानपणी कुटून कुटून केला होता.

तिचा अंगठा माझ्यावर टेकला. जोरच नव्हता हो त्यात. बटण अर्धं दबायचं आणि वर यायचं. गडी पहिल्याच छपरावरून खाली. दुसऱ्यांदा खाली. तिसऱ्यांदा मात्र ती हळूहळू पुढे गेली आणि जिंकली, कारण टिंबूचा गडी वाटेत हवा खात उभा होता.

ताईने मला खाली ठेवलं.

"टिंबू, मला लिंबूटिंबू करू नकोस. हरव मला."

टिंबूने चष्मा पुसला, आणि मग त्याने जे हरवायला सुरुवात केली, ते विचारू नका. रोज संध्याकाळी शाळा सुटली की यायचा आणि ताईला धुऊन काढायचा. आई वैतागली, आजारी माणसाला हरवायला लाज कशी वाटत नाही म्हणाली. ताईच आईवर खेकसली, तू मध्ये पडू नकोस. हरून हरून ती पेटली होती. अंगठा दुखायचा, ती थांबायची, चोळायची, परत धरायची. मी माझ्या परीने बटण होईल तेवढं हलकं ठेवत होतो. आज थोडा जोर वाटायचा, उद्या नाही. मला भीती वाटायची, हा अंगठा इथेच अडकला तर?

आणि मग एका संध्याकाळी दोघांचे गडी शेवटच्या छपराशी बरोबरीने आले. माझ्या बटणावर एक टिचकी बसली आणि लगेच दुसरी, स्वच्छ, पुरती. ताईचा गडी पार. टिंबूचा धप्पकन खाली.

ताई पडद्याकडे बघतच राहिली.

"मुद्दाम सोडलंस?" तिने विचारलं.

टिंबू तिच्याकडे बघायलाही तयार नाही. त्याने माझ्या भावाला उलटा केला, बटणावर फुंकर मारली, सदऱ्याला पुसला. बटण अडकलं, म्हणे. टीव्ही जुना आहे, म्हणे. आई मध्येच बोलली म्हणून लक्ष गेलं, हा डाव धरायचा नाही. नाचता येईना अंगण वाकडं! हरला की याचं नाक लाल होतं, अगदी लहानपणापासून, आणि ते काही मुद्दाम करता येत नाही. आत्ता ते टोमॅटोसारखं झालं होतं.

ताईने ते नाक बघितलं आणि तिला रडू फुटलं. रडता रडता ती हसायला लागली. मास्तर आणखी चिडले. मला तर तिच्या हातातच हुश्श झालं. जिंकली होती बाई, खरोखरची जिंकली होती.

दुकान उघडलं. आता मी टीव्हीशेजारी पडलेला असतो. उडीचं बटण आत रुतून बसलंय, दुरुस्तीवाल्याने हात टेकले. माझी तक्रार नाही, चांगल्या कामी आलो. घरात कुणाला हात धरून उभं करायचं असेल, तर त्याला खेळात खरंच घ्या, एवढंच माझं मागणं.

आज सुट्टी आहे. टिंबू माझ्यासमोर स्टुलावर बसलाय, गळ्याभोवती टॉवेल, डोक्यावर पाणी मारलेलं. ताई त्याचे केस कापतेय. कात्री कचाकच चालू आहे आणि याची टकळीही. त्या दिवशी बटण अडकलं होतं, हे तो तिला अजून पटवतोय.

"मान खाली घाल," ताई म्हणतेय, "नाहीतर कान जाईल."