श्रीनिवासरावांचा सर्व्हर

श्रीनिवासरावांचा कोणावर विश्वास नव्हता. शनिवार पेठेतल्या आपल्या फ्लॅटला कुलूप लावलं की ते दोनदा ओढून बघत, जिना उतरत, आणि पुन्हा चढून येऊन तिसऱ्यांदा ओढत. शेजाऱ्यांकडे किल्ली ठेवायची पद्धत त्यांना मान्य नव्हती. सर्व्हर सांभाळायला असाच माणूस हवा, असं त्यांचं स्वतःबद्दलचं मत होतं, आणि घोळ तिथूनच सुरू झाला.

सर्व्हरवर ठेवायचे होते त्यांच्या बायकोचे, वासंतीबाईंचे धडे. वासंतीबाई शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी दृष्टिहीन मुलांसाठी दहावीचं पुस्तक वाचून रेकॉर्ड केलं, मग नववीचं, मग आठवीचं. भाच्याने, सलिलने, त्यांची छोटी वेबसाइट करून दिली आणि कुठल्या कुठल्या गावांतली मुलं ती ऐकू लागली. पुढे वासंतीबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. आता त्या बोलल्या की नुसती हवा यायची. मुलांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं त्यांनी पाटीवर लिहून नवऱ्याला बजावलं होतं. परीक्षेच्या तोंडावर पोरांच्या जिवाला घोर नको. त्यामुळे मुलांचे फोन श्रीनिवासराव घेत आणि बाई कामात आहेत म्हणून सांगत.

मुलांची तक्रार एकच होती, धडा मध्येच अडकतो. सलिल म्हणाला, आपली साइट एकाच जागेत इतर शेकडो साइट्सबरोबर दाटीवाटीने राहते, म्हणून असं होतं. आता व्हीपीएस घ्या, म्हणजे कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरचा, सर्व्हरचा, एक हिस्सा आपल्या एकट्यासाठी भाड्याने. मात्र देखभाल कंपनी करते तसाच घ्या, आणि धड्यांची एक प्रत माझ्याकडे असू द्या, हेही त्याने सांगितलं. श्रीनिवासरावांनी दोन्ही गोष्टी उडवून लावल्या. देखभालीच्या नावाखाली परकी माणसं आत येणार हे त्यांना पटेना, आणि माझ्या बायकोचा आवाज तुझ्या घरी कोथरूडला कशाला, असं त्यांनी तोंडावरच विचारलं. मामांशी वाद घालणाऱ्यांची काय गत होते हे सलिलने लहानपणापासून पाहिलेलं होतं.

व्हिडिओ बघून बघून श्रीनिवासरावांनी सगळं एकट्याने केलं, आणि खोटं कशाला बोला, चांगलं केलं. धडे न अडकता वाजू लागले. दर रविवारी आंघोळ झाली की ते सगळ्या धड्यांचा बॅकअप घेत. जुन्या जागेचं भाडं त्यांनी बंद केलं आणि धड्यांनी भरलेला घरचा कॉम्प्युटर साफ करून टाकला. वासंतीबाईंनी त्या दिवशी बदाम घालून शिरा केला. बोलता येत नसलं की कौतुक असंच करावं लागतं.

मग एका व्हिडिओत फायरवॉल निघाली. सर्व्हरला पुष्कळ दारं असतात, नको ती बंद ठेवावीत, नाहीतर चोर शिरतात. चोर म्हटल्यावर श्रीनिवासरावांना पुढचं ऐकवेना. व्हिडिओ तिथेच थांबवून त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला मज्जाव करणारी आज्ञा टाइप केली. याने तुमचीही जोडणी तुटू शकते, करू का, असं मशीनने विचारलं. करा, म्हणाले. मुलं बाहेर राहिली, आणि श्रीनिवासरावही. आपण आत जातो तेही एक दारच असतं आणि ते आधी उघडं ठेवायचं असतं, हे त्याच व्हिडिओत पुढे सांगितलं होतं.

कंपनीने कळवलं, की देखभाल तुमची, आम्ही आत हात घालत नाही. 'रीबिल्ड'चं बटण दाबलंत तर सर्व्हर नव्याने उभा राहील, पण आतलं सगळं पुसलं जाईल. बॅकअप असेल तरच दाबा. बॅकअप तर होताच. श्रीनिवासरावांनी ऐटीत बटण दाबलं. कोरा सर्व्हर समोर आला, ते बॅकअप आणायला निघाले, आणि तो कुठून आणायचा हे आठवताच त्यांनी सलिलला फोन लावला.

सलिल कोथरूडहून धावत आला.

"मामा, बॅकअप कुठे ठेवत होतात?"

"सर्व्हरवरच," श्रीनिवासराव म्हणाले. "वेगळा फोल्डर केला होता. त्याला पासवर्डसुद्धा होता."

सलिलने कंपनीला विनवण्या केल्या, घरच्या कॉम्प्युटरचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. वासंतीबाईंचा जुना फोन नव्याच्या बदल्यात कधीच देऊन झाला होता. शेवटी त्याने मान हलवली आणि तो हात मांडीवर ठेवून बसून राहिला. प्रत मागितली होती, असं तो एकदाही म्हणाला नाही. त्याने झाडलं असतं तर बरं झालं असतं, असं श्रीनिवासरावांना वाटलं. ओरडणाऱ्याला निदान उलट ओरडता येतं. वासंतीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. ओवीचा होता, साताऱ्याकडच्या एका वसतिगृहातली दहावीची मुलगी. श्रीनिवासरावांनी सवयीने स्पीकर लावला. धडे लागत नाहीत आणि उद्या मराठीचा पेपर आहे, असं ती सांगत होती. बाई कामात आहेत, असं श्रीनिवासराव कसंबसं म्हणाले.

"मग काका, बाईंना फोनवरच वाचायला सांगाल का? एकच धडा राहिलाय. बाई वाचतात तसंच लक्षात राहतं माझ्या."

वासंतीबाई आत गेल्या आणि पुस्तक घेऊन आल्या. त्यांनी फोन हातात घेतला, धडा काढला, खुर्चीत ताठ बसल्या आणि वाचू लागल्या. ओठ हलत होते, स्वल्पविरामाला थांबत होते, प्रश्नाला भुवई वर जात होती. बाहेर नुसता श्वास येत होता.

"हॅलो?" ओवी म्हणाली. "काका, बाईंचा आवाज येत नाहीये. तुमच्याकडे रेंज नाहीये का?"

श्रीनिवासरावांनी सलिलकडे पाहिलं. सलिल खाली बघत होता.

"नाही ना," श्रीनिवासराव म्हणाले. "आमच्याकडेच नाहीये."

वासंतीबाईंनी पान उलटलं आणि त्या पुढे वाचू लागल्या.