ओरेस्टचा बर्फ

“सगळं म्हणजे कुठवर सगळं?” ओरेस्ट कुझिकने विचारलं.

“सगळं म्हणजे सगळं,” ग्वेन म्हणाली. ती केंद्राची प्रमुख. वयाने ओरेस्टपेक्षा बरीच लहान, पण अधिकाराने मोठी. “मॉडेलचा अख्खा कोड, जुने अंदाज, नोंदी, सगळं. विद्यापीठाशी करार झालाय. आता तू फक्त द्यायचंस.”

“माझा बर्फसुद्धा?”

“तुझा बर्फसुद्धा. त्यांना त्याच्यावरच तर काम करायचंय.”

झालं. ओरेस्टच्या मनात पाल चुकचुकली. एवढ्या मोठ्या मॉडेलात वारा होता, ढग होते, पाऊस होता. आणि या लोकांना नेमका बर्फच हवा?

कॅनडातल्या विनिपेगच्या त्या हवामान केंद्रात मॉडेल म्हणजे एक अजस्र प्रोग्राम होता. उद्या काय होणार, परवा काय होणार, ते तो रोज सांगायचा. त्याचे तुकडे वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले. बर्फाचा तुकडा ओरेस्टचा. पडलेला बर्फ किती दिवस टिकणार, कधी वितळणार, त्याने हवा किती गार राहणार, हे सगळं त्याने तरुणपणी लिहिलं आणि तेव्हापासून एकट्यानेच सांभाळलं. केंद्रात त्या भागाला ‘ओरेस्टचा बर्फ’ असंच म्हणत. त्याला ते ऐकायला आवडायचं. तोंडावर मात्र तो तसं दाखवत नसे.

माणूस मुळातच संशयी. शेजाऱ्याने शिडी परत केली की हा एकेक पायरी दाबून बघणार. जावयाने वाढदिवसाला घड्याळ दिलं, तर वेळ बरोबर आहे ना ते बघायला याने आधी रेडिओ लावला. पण या खेपेच्या संशयाला कारण होतं, आणि ते त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

फार पूर्वी मॉडेलमधला बर्फ खऱ्या बर्फापेक्षा लवकर वितळायचा. का, ते ओरेस्टला काही केल्या सापडेना. वसंत तोंडावर आलेला, वरून तगादा चाललेला. शेवटी त्याने मॉडेलमधल्या बर्फाखालची जमीन असते त्यापेक्षा थोडी जास्त गार करून ठेवली. एक चूक अंदाज वर ओढायची, दुसरी खाली, आणि बेरीज अगदी बरोबर यायची. कोडमध्ये शेजारीच त्याने एक ओळ लिहून ठेवली होती: हे दोन्ही जोडीने आहेत, एकाला हात लावाल तर दुसऱ्यालाही लावा. हंगाम संपला की खरं कारण शोधू, असं त्याने ठरवलं होतं. हंगाम संपला, पुढचेही कितीतरी संपले. अंदाज बरोबर येत होते, बढती मिळाली होती. कशाला उगाच हात घालायचा?

आता कोड बाहेर द्यायचा म्हटल्यावर आधी झाडझूड करायची, ही केंद्राची जुनी रीत. काम करता करता लोक कोडच्या कडेला काहीबाही लिहून ठेवतात. साहेबाला शिव्या, कुणाचं नाव, ‘हे कसं चालतं देव जाणे’ असलं काहीतरी. परक्यांच्या नजरेला पडू नये म्हणून ते पुसून टाकायचं. ओरेस्टने आपल्या भागाची झाडझूड स्वतःच केली, आणि त्यात ती ओळही पुसली. नियमच आहे, असं त्याने स्वतःला समजावलं. नियम शिव्यांसाठी होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी जेवताना तो धुमसतच होता. त्याच्या बायकोने, दारियाने, ताटात पिरोही, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वाढल्या आणि वर परतलेला कांदा घातला.

“काय झालंय?” तिने विचारलं.

“विद्यापीठातली बाई येणार आहे. संशोधन म्हणे. मला सगळं कळतं. आम्ही कशी गाढवं आहोत ते जगाला दाखवायचंय त्यांना.”

“तेवढ्यासाठी करार कशाला केला? मला फोन केला असता तर सांगितलं असतं.”

“तू चेष्टा कर. आज कोड मागतायत, उद्या मला घरी बसवतील.”

“बसवू देत. गॅरेज आवरायचं राहिलंय,” दारिया म्हणाली आणि आंबट साय पुढे सरकवली.

सोलांज बेरार आली ती भर थंडीत. नदीपलीकडच्या फ्रेंच वस्तीत वाढलेली, चाळिशीची, हसतमुख बाई. पहिल्याच दिवशी तिने सगळ्यांसाठी घरचा केक आणला. सगळ्यांनी खाल्ला. ओरेस्टने आपला तुकडा कागदात गुंडाळून खणात ठेवला. गोड बोलून कोण काय काढून घेईल याचा नेम नाही, असं त्याचं मत होतं. ती दर आठवड्याला यायची, त्याच्या टेबलाशी खुर्ची ओढायची आणि प्रश्न विचारायची. तो मोजकी उत्तरं द्यायचा. ती गेली की तिने नेमकं काय विचारलं ते आठवत बसायचा. या प्रश्नामागे काय असेल, त्या प्रश्नामागे काय असेल?

मग एक दिवस ती आली ती खुशीतच.

“मिस्टर कुझिक, बर्फ लवकर वितळावा अशी एक चूक सापडली मला. रात्रीची थंडी बर्फात शिरतच नाही. एका जागी अधिकऐवजी वजा पडलंय. बघा.”

त्याने पाहिलं. खरंच वजा होतं. त्याने स्वतःच घातलेलं. जन्मभर डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नव्हतं. त्याची कानशिलं तापली.

“एवढी साधी चूक असूनही अंदाज बरोबर येत होते, हेच मला कोडं आहे,” ती म्हणाली. “हिला सांभाळून घेणारं दुसरं काही आहे का आत? तुम्हाला विचारल्याशिवाय मला काही बदलायचं नाही.”

सांगायची वेळ हीच होती. पण ओरेस्टला तिच्या आवाजात सापळा ऐकू आला. हिला सगळं कळलंय, आता माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय, मग निबंध छापायचाय.

“जे आहे ते तुमच्यापुढे आहे, प्रोफेसरबाई,” तो म्हणाला.

वजाचं अधिक झालं. बदल तपासला तो जानेवारीतल्या दिवसांवर, जेव्हा वितळण्याचा प्रश्नच नसतो. सगळं छान आलं. निकाल सांगायच्या बैठकीत ओरेस्ट बसला होता, कॉफी पीत होता, आणि गप्प होता.

एप्रिल उजाडला. मॉडेल रोज सांगायचं, थंडी आठवडाभर हलत नाही. बाहेर मात्र पन्हळी ठिबकायला लागल्या होत्या. लोकांनी गाड्या तापत्या ठेवायच्या वायरी गुंडाळून ठेवल्या. मॉडेलमधला बर्फ लवकर वितळवणारी चूक आता नव्हती, पण खालची जमीन ओरेस्टने गार करून ठेवली होती तशीच होती, आणि सगळा अंदाज थंडीकडे कलला होता. त्याच अंदाजावर विसंबून नदीकाठच्या लोकांना कळवलं गेलं, की घाई नाही, वाळूची पोती पुढच्या आठवड्यात भरली तरी चालतील.

ग्वेनने त्याला खोलीत बोलावलं. सोलांज आधीच तिथे बसली होती. चेहरा उतरलेला.

“तुझंच खरं ठरलं, ओरेस्ट,” ग्वेन म्हणाली. “बाहेरच्यांच्या हाती द्यायलाच नको होतं. त्यांच्या बदलानंतर सगळं बिघडलंय. मी करार थांबवतेय.”

“माझीच चूक असणार,” सोलांज हळू आवाजात म्हणाली. “तीन दिवस शोधतेय. कुठे चुकले तेच कळत नाही.”

ओरेस्टला हवं होतं ते सगळं समोर बसलं होतं. बाई हरली होती, कोड परत घरी येणार होता, त्याचा बर्फ त्याच्याकडेच राहणार होता. गप्प बसलं की झालं. पण ती तीन दिवस काय शोधत होती ते त्याला ठाऊक होतं. जे त्याने पुसलं होतं तेच ती शोधत होती. कोडमधल्या चुका शोधत त्याने स्वतःही जन्मभर अशीच पाठ मोडून घेतली होती. आणि नदीकाठी पोती रिकामी पडून होती.

“चूक तिची नाही,” तो म्हणाला. “खालची जमीन मी मुद्दाम गार ठेवलीय. फार वर्षांपूर्वी. तसं लिहिलेलंही होतं. बाहेर देताना मी ते पुसलं.”

सोलांजने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

“मी विचारलं होतं तुम्हाला,” सोलांज म्हणाली.

“हो. विचारलं होतंत.”

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. ग्वेन मात्र बोलली, आणि भरपूर बोलली. ते सगळं त्याने मान खाली घालून ऐकलं. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

नुसती गार जमीन काढून भागणार नव्हतं. बाकीचा सगळा भाग त्याने त्या गार जमिनीच्याच आधाराने रचलेला होता. सोलांजने विद्यापीठात बर्फाचा नवा भाग लिहून ठेवला होता. मागच्या सगळ्या वसंतांवर तो चालवून पाहिला, आणि ओरेस्टच्या बर्फापेक्षा तो चांगला निघाला. ओरेस्टने आकडे दोनदा तपासले. काहीतरी खोट सापडावी असं त्याला मनापासून वाटत होतं. सापडली नाही.

“जुना भाग काढायचं काम मी दुसऱ्या कुणाला सांगते,” ग्वेन म्हणाली. आता तिचा आवाज निवला होता.

“नको. मी घातलाय, मीच काढतो.”

त्याने काढला. काम किरकोळच होतं. प्रत्येक बदलाचं कारण एका ओळीत लिहावं लागतं. त्याने लिहिलं: चुकीचा होता, काढला. खाली आपलं नाव टाकलं.

“असं नका लिहू,” सोलांज म्हणाली. “इतकी वर्षं चालला तो. ‘जुना झाला’ म्हणा.”

“जुना मी झालोय,” तो म्हणाला. “तो चुकीचाच होता.”

दुपारच्या आत नवा अंदाज आला. रविवारपासून झपाट्याने वितळणार, नदी फुगणार. इशारा गेला. ओरेस्टने कोट घातला, घरून दारियाला घेतलं आणि दोघं नदीकाठी पोती भरायला गेले. अर्धं गाव तिथे जमलं होतं. त्यांच्या बाजूला एक धिप्पाड प्लंबर वाळू उपसत होता, आणि फावड्याबरोबर त्याचं तोंडही चालू होतं.

“काल म्हणे थंडी, आज म्हणे पूर. या हवामानवाल्यांचं काही खरं नाही. उद्या म्हणतील, घरी जा, सगळं खोटं होतं. आपण आपली कंबर मोडून घ्यायची.”

दारियाने नवऱ्याकडे पाहिलं. आता हा भडकणार, असं तिला वाटलं.

“या वेळचं खरं धरा,” ओरेस्ट म्हणाला.

“कशावरून?”

“त्यात आता माझं काही नाही.”

प्लंबरला काही कळलं नाही. त्याने खांदे उडवले आणि फावडं भरलं. ओरेस्टने वाकून पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडं धरलं.