रोथेलची धून

फिदालिनने सुपारी कातरून दोन खांडं केली. एक पानात घालून तोंडात टाकलं, दुसरं भावासाठी म्हणून सवयीने कमरेच्या थैलीत ठेवलं. सात वर्षं हे दुसरं खांड रोज तसंच घरी परत जात होतं.

धुकं डोंगर चढत होतं. खाली झाडूचं गवत कापायला गेलेला तिचा थोरला भाऊ रोथेल दिसेनासा झाला होता, आणि तिथून पुढे कडा होता.

"आई, मामाचं नाव घेऊन ओरडू?"

फिदालिनने लेकीच्या तोंडावर हातच ठेवला.

रानात नाव घ्यायचं नसतं. घेतलं की रानातलं काहीतरी ते ऐकतं आणि माणसाच्या मागे लागतं. म्हणून तर इथली प्रत्येक आई आपल्या बाळासाठी एक धून रचते, आणि रानात हाक मारायची ती त्या धुनेने. सात वर्षांपूर्वी फिदालिनच्या नवऱ्याचा पाय ओढ्यात घसरला, तेव्हा रोथेल हे विसरला आणि नाव घेऊन ओरडला. नवरा त्या दिवशी वाचला. दोन महिन्यांनी तापाने गेला.

फिदालिन भावाला एका शब्दाने बोलली नाही. तेच वाईट झालं. भांडली असती तर तो रडला तरी असता. पुढच्या वर्षी आई गेली, तेव्हाही तिरडीच्या दोन बाजूंना दोघं मुकाट उभी होती.

लहानपणी दोघं संत्र्याच्या झाडावर लपायची. खाली आई आधी त्याची धून म्हणायची, मग तिची. ती दमेपर्यंत दोघं हसू दाबून बसायची. काय दिवस होते ते!

तिने ओठ ओले केले. पहिला सूर फाटला. दुसऱ्यांदा धून नीट निघाली, पण धुक्यातून ओ आली नाही. तिसऱ्यांदा म्हणताना तिला रडू फुटलं.

दहा पावलांवरच्या दगडामागून रोथेल उठला.

"बाह!" थोरल्या भावाला मारायची हाक तिच्या तोंडून निघाली. "इथेच होतास?"

"हो."

"मग ओ द्यायला काय झालं होतं? जीव टांगणीला लागला माझा!"

तो पायाशी बघत राहिला. "आई गेल्यापासून माझी धून कुणी म्हटली नव्हती गं. वाटलं, अजून एकदा म्हणशील."

फिदालिनने डोळे पुसले, थैलीतलं खांड काढून त्याच्या तळहातावर ठेवलं.

"शेवट चुकतोय तुझा," तो चघळत म्हणाला. "आई तिथे जरा थांबायची."

तिने चौथ्यांदा धून म्हटली, शेवटाला जरा थांबून.

दोन पावलांवर उभ्या रोथेलने तिच्या धुनेने ओ दिली.