न आलेल्या पावसाळ्यांची डिस्क

मित्रांनो, मी सोलापुरातल्या एका संशोधन केंद्रातली जुनी हार्ड डिस्क. स्वस्थ बसणं मला ठाऊकच नव्हतं. पोटातली तबकडी सारखी गरगरायची आणि तिच्यावर होते अजून न आलेले पावसाळे.

ते भरले प्रियदर्शनीनं. सांगोल्याकडच्या मेंढपाळाची ही मुलगी. देशोदेशीच्या कोरड्या मुलखांत पुढे पाऊस कसा पडेल, याची गणितं तिनं मोठ्या संगणकावर महिनोन्महिने चालवली आणि उत्तरं माझ्यात साठवली. पाहुणे आले की केंद्राचे प्रमुख राजशेखर सर माझ्यावर हात ठेवून म्हणायचे, "सगळा खजिना हिच्यात आहे!" मी फुलून जायचे.

केनियातल्या वंजिरू नावाच्या संशोधक बाईंनी ती माहिती मागितली. त्यांच्याकडेही मेंढ्या-शेरडं, तिथलाही पाऊस लहरी. सर म्हणाले, "आपला लेख छापून येऊ दे, मग बघू." लेख काही येईना. हळूहळू मला सगळे विसरले. धूळ साचली. भर उन्हाळ्यात खोलीतला एसी बंद पडला आणि माझ्या पोटात कटकट सुरू झाली.

प्रियदर्शनीनं कान लावला. "सर, ही आवाज करायली की! दुसरी प्रत न्हाय आपल्याकडं."

"नवी डिस्क मागवतो."

"तोवर ही टिकंल का? वंजिरूबाईंना पाठवू द्या. मेंढरांना तहान देश बघून लागत न्हाय, सर."

सरांनीही माझ्यावर कान टेकवला. मग म्हणाले, "पाठव."

माहिती डोंगराएवढी आणि नेट मुंगीच्या पावलांचं. तुकडे पाडून प्रियदर्शनी ती पाठवत राहिली. वीज गेली की तोच तुकडा पुन्हा. मी अडखळत, तापत एकेक पुढे ढकलत होते. मधेच थांबले तर? या धास्तीनं जीव थाऱ्यावर नव्हता.

शेवटचा तुकडा पोचला आणि त्याच आठवड्यात मी बंद पडले. नवी डिस्क आली तेव्हा माझ्यातून काहीच निघेना. सर डोक्याला हात लावून बसले.

"आता आपण मागू या की त्यांच्याकडं," प्रियदर्शनी म्हणाली.

वंजिरूबाईंनी सगळं परत पाठवलं. वर गणितातली एक चूकही दाखवून दिली. ती दुरुस्त झाल्यावर सरांनीच ती माहिती जगभरच्या अभ्यासकांना खुली केली.

मी आता कपाटात आहे. तबकडी थांबली, तरी चैन नाही. माझ्यासारख्या कितीतरी जणी कुठे कुठे बंद खोल्यांत तापत असतील. मित्रांनो, तुमच्याजवळचं काही कुणाच्या उपयोगाचं असेल, तर मागणाऱ्याला ताटकळत ठेवू नका.