होय, माझ्यात फिल्म नाही

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि माझ्यात फिल्म नाही. नऊ वर्षं झाली, नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी हळहळायला नको. मी बिघडलेलो नाही, अडगळीत पडलेलो नाही आणि शोभेचा तर मुळीच नाही. आज सकाळीच मी चार फोटो काढले. फिल्म नसताना काढलेले फोटो ते कसले, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. त्याचंच उत्तर द्यायला मी आज तोंड उघडलं आहे.

माझ्या जन्माची कहाणी फार लांबवत नाही. धातूचा ठोकळा, वरून काळं कातडं, पोटात आरसा आणि पुढे एकाखाली एक अशी दोन भिंगं. खालच्या भिंगाने फोटो निघतो, वरच्याने दिसतं. मला डोळ्याला लावत नाहीत. छातीपाशी धरायचं, माझ्या डोक्यावरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून आत बघायचं. आत एक चौकोनी काच आहे. समोरचं सगळं त्या काचेवर उतरतं, फक्त उजव्याचं डावं होऊन. कुणी उजवीकडे चालत निघाला की काचेवर तो डावीकडे जातो. पहिल्यांदा बघणारा हमखास गोंधळतो आणि मग त्याला मान वर करवत नाही. ही बढाई नाही, अनुभव आहे.

पहिली अकरा वर्षं मी एका फोटो स्टुडिओत काढली. तिथे सगळे ओळखपत्राचे फोटो. माणूस यायचा, स्टुलावर बसायचा, हनुवटी वर, खांदे सरळ, झालं, उठा. मालकाने माझ्या काचेत कधी सलग पाच मिनिटं बघितलं असेल तर शपथ! आणि फोटो हातात पडला की गंमत सुरू. चांगला आला तर माणूस देखणा, वाईट आला तर कॅमेरा भंगार. एका गृहस्थाने तर आपल्या नाकाचं खापरही माझ्यावर फोडलं. नाक त्याचं, ते काय मी बसवलं होतं? पण ऐकून घ्यावं लागायचं. तेव्हापासून माझं आणि फोटोचं फारसं पटत नाही.

पुढे मालकाने नवा कॅमेरा घेतला आणि मला काउंटरखालच्या खणात टाकलं. तिथून मला एका तरुण बाईंनी उचललं. त्या नोकरीच्या ओळखपत्रासाठी फोटो काढायला आल्या होत्या. फोटो राहिला बाजूला. खण अर्धवट उघडा होता, त्यातून मी दिसलो. त्यांनी माझं झाकण उघडून आत बघितलं आणि बघतच राहिल्या. मालक दोनदा खाकरला. बाईंना पत्ताच नाही. शेवटी मला घेऊनच त्या घरी गेल्या.

त्यांची नोकरी इस्पितळात, एक्सरे काढण्याची. आख्खी गल्ली त्यांना एक्सरेबाई म्हणायची, मीही तेच म्हणतो. दिवसभर त्या शिशाचा जड एप्रन घालून माणसांच्या आतले फोटो काढायच्या. श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा. पेशंट विचारायचे, कसा आलाय? आणि बाईंना सांगता यायचं नाही, कारण ते डॉक्टरांनी सांगायचं. डॉक्टर प्लेट उजेडात धरायचे. नातेवाईक प्लेटकडे बघायचे. स्वतः पेशंटसुद्धा प्लेटकडे बघायचा. एकदा घरी आल्यावर बाई नवऱ्याला म्हणाल्या, की दिवसभर सगळे जण प्लेट बघतात, जिवंत माणूस तिथेच उभा असतो, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मी खुंटीवरून ऐकत होतो. तेव्हा मला कळलं, की ह्या बाई मला घरी का घेऊन आल्या.

मग सुरू झाले आमचे खरे दिवस. ड्यूटी संपली की बाई मला गळ्यात अडकवायच्या आणि निघायच्या. समोरचा न्हावी दुकान झाडतोय, जिन्याच्या कठड्याला रंगारी रंग देतोय, कोपऱ्यावरचा किल्लीवाला कानस चालवतोय. बाई उभ्या राहायच्या आणि काचेत बघायच्या. दहा मिनिटं, वीस मिनिटं. एका रोलमध्ये बाराच फोटो, तो रोल त्या दोन-दोन महिने पुरवायच्या. बघण्यात रंगल्या की हळूच म्हणायच्या, श्वास घ्या, धरून ठेवा. समोरचा माणूसही खुळ्यासारखा श्वास धरायचा. मग चिक! एवढाच माझा आवाज. मग बाईंच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते कुठल्याही फोटोत आलेलं मी बघितलेलं नाही.

आणि रोल? रोल बिस्किटांच्या डब्यात. सुरुवातीला बाई ते धुवून आणायच्या, फोटो एकदा चाळायच्या आणि ज्याचे त्याला देऊन टाकायच्या. पुढे आणायच्याच बंद झाल्या. आज आणते, उद्या आणते. डबा भरला, दुसरा डबा आला. नवरा चेष्टा करायचा, की आमच्या घरी फोटोंचं लोणचं घातलंय. ते लोणचं मुरायच्या आतच तो बिचारा गेला.

इथे एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे. बाईंना एक मुलगा. त्याच्या लहानपणी आम्ही त्याच्याइतकं कुणालाच बघितलं नाही. तो नाडी बांधतोय, पाटीवर थुंकी लावतोय, रुसून दाराआड बसलाय. माझ्या काचेने ते सगळं बघितलंय. पण ते रोलही डब्यातच गेले. वीस वर्षांचा झाल्यावर त्याने स्वतः डबे उचलले आणि स्टुडिओत नेले. ओल लागलेली. रोलमागून रोल काळपट करडा निघाला. एका रोलवर तेवढं कुणाचं तरी कोपर दिसत होतं. त्याचंच असावं. घरी येऊन त्याने ते कोपर आईसमोर टेबलावर ठेवलं आणि आत निघून गेला. मला फार लागलं ते. बाईंनाही लागलं असणार, पण दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा मला घेऊन बाहेर पडल्या.

वर्षं गेली. मुलाचं लग्न झालं, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला. बाई निवृत्त झाल्या. स्टुडिओ जाऊन तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आलं आणि माझी फिल्म मिळेनाशी झाली. मला वाटलं, आटोपला आपला कारभार. शेवटचा रोल संपला त्या दिवशी मी मनातल्या मनात निरोपाचं भाषणही तयार केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी माझी पाठ उघडली, आतली धूळ फुंकली, रिकामीच पाठ बंद केली आणि मला गळ्यात अडकवलं. भाषण वाया गेलं.

तेव्हापासून आम्ही असेच जातो. किल्लीवाल्याने एकदा विचारलं, की ताई, इतके फोटो काढता, एखादा द्या की मला. बाईंनी सांगितलं, की ह्यात फिल्म नाही. तो म्हणाला, मग कशाला काढता? बाई म्हणाल्या, तुमचा हात बघायला. दुसऱ्या दिवसापासून त्याने आपलं स्टूल सावलीतून उचलून उजेडात मांडलं. त्याला काय समजायचं ते समजलं होतं.

ज्याला समजायला हवं होतं, त्याला मात्र समजलं नाही. दोन महिन्यांपूर्वी एकदा मुलगा दुपारी घरी आला. बाईंनी त्याला आल्या आल्या सांगितलं, की आज सहा फोटो काढले, मस्त उजेड होता. मग त्या चहा टाकायला आत गेल्या. त्याने मला सहज हातात घेतलं, माझी पाठ उघडली आणि त्याचा चेहराच उतरला. आत काही नाही. त्याने घाईघाईने पाठ बंद केली, जिन्यात जाऊन बायकोला फोन लावला. मी टेबलावरून सगळं ऐकलं. आईचं डोकं ठिकाणावर नाही, म्हणाला. रिकामा कॅमेरा घेऊन फिरते, तिला कळतही नाही.

मग काय, सूत्रं भराभर हलली. ओळखीच्या डॉक्टरांना फोनवर विचारून झालं. ते म्हणाले, ह्या वयात असं होतं, एकटं ठेवू नका. ठरलं. महिनाअखेर बाईंचं घर बंद करायचं आणि त्यांना मुलाच्या घरी न्यायचं. त्यांना एवढंच सांगितलं, की तुझे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. आणि मला त्याने पिशवीत घातलं. सर्व्हिसिंगला नेतो म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मला बोलता कुठे येतं!

त्याने मला आपल्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवलं. प्रेमाने ठेवलं, हे मी नाकारत नाही. मऊ फडक्याने पुसलं, ओल लागू नये म्हणून शेजारी पांढऱ्या दाण्यांची पुडी ठेवली, कपाटाला कुलूप लावलं. पाहुणे यायचे, वा वा करायचे, काय सुंदर जुना पीस आहे म्हणायचे. एकानेही माझं झाकण उघडलं नाही. तीन आठवडे माझ्या काचेवर काळोख होता. इतका मानसन्मान मला जन्मात मिळाला नव्हता आणि इतका संतापही आला नव्हता.

महिना संपायला चार दिवस राहिले होते. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात एक्सरेबाई. त्र्याहत्तर वर्षांच्या, दोन बस बदलून, एकट्या. सूनबाईंनी पाणी आणलं, ते त्यांनी टीपॉयवर ठेवलं आणि सरळ माझ्या कपाटासमोर येऊन उभ्या राहिल्या. मुलगा आतून आला.

"माझा कॅमेरा दे," बाई म्हणाल्या.

लहान मुलाशी बोलावं तसा तो बोलला. "आई, तू आधी बस. त्यात फिल्म नाहीये गं."

"मला माहीत आहे. नऊ वर्षं नाहीये. तुला काय वाटलं, मला माहीत नाही?"

मित्रांनो, त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याने मला उघडून बघितलं होतं, डॉक्टरांना विचारलं होतं, बायकोला विचारलं होतं. आईला तेवढं विचारायचं राहून गेलं होतं. सूनबाईंनी नवऱ्याकडे असं काही बघितलं, की मला कपाटात बसल्या बसल्या हसू आलं.

"मग काढतेस कशाला?" त्याने विचारलं.

"तू दर रविवारी पोहायला जातोस. कुठे पोचायला जातोस?"

त्याचा आवाज एकदम चढला, आणि मला कळलं की हे आजचं नव्हे, पुष्कळ जुनं आहे. "माझा लहानपणचा एक फोटो नाही, आई. एकसुद्धा नाही. कुणी विचारलं तर काय दाखवू मी?"

बाई खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, "ते माझं चुकलं. मला नको होते, पण तुला हवे होते. वेळेवर धुवून आणायला पाहिजे होते. मी आणले नाहीत." आणि पुढे म्हणाल्या, "पण कॅमेरा माझा आहे आणि घरही माझं आहे. मी माझ्या घरी राहणार."

त्याने खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि मला त्यांच्या हातात दिलं. डोळे लाल, जबडा आवळलेला. मला वाटलं, आता बाई मला पिशवीत घालून निघणार. त्यांनी माझं झाकण उघडलं आणि मान खाली घातली. तीन आठवड्यांनी माझ्या काचेवर उजेड पडला आणि त्या उजेडात तो उभा होता.

"आता हे कशाला?" तो म्हणाला.

"रागावलेलाच राहा. हलू नकोस."

पहिल्यांदा त्याने सवयीने शर्ट खाली ओढला, केसांवरून हात फिरवला, चेहरा फोटोसाठी करतात तसा केला. बाई कळ दाबेनात. दोन मिनिटं गेली, पाच गेली. त्याचा फोटोचा चेहरा गळून पडला आणि खरा चेहरा वर आला. कानामागे पांढरे झालेले केस, कपाळावरची आठी. त्याचा फोन वाजला. त्याने तो उचलला नाही.

तो उभा आहे तोवर तुम्हाला दोन शब्द सांगून घेतो, कारण बाई काही इतक्यात कळ दाबत नाहीत. माझ्यासारख्यांनी शेवटी हात जोडून सांगायचं असतं, की जुन्या वस्तू जपा. मी नाही सांगणार. जपायला निघालेल्या लोकांनीच मला कुलपात घातलं. मला वापरा. माझी कातडी सोलवटू दे, कड्या झिजू देत, पण झाकण उघडा आणि आत बघा. आणि तुमच्या घरात कुणी असं काही करत बसलं असेल, ज्यातून हाताला काही लागत नाही, तर त्याच्या डोक्याची काळजी करण्याआधी त्याला एकदा विचारा. बोलावं लागेल, पण त्याने काही बिघडत नाही. आणि ज्याला फोटो हवा आहे, त्याला फोटोही द्या. त्यात मी कमी पडलो, हे मी लपवत नाही.

मी किती वेळ बोललो, ठाऊक नाही. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबल्या होत्या. मुलाचा राग केव्हाच निवला होता, तरी तो हलला नव्हता. माझ्यात फिल्म नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने स्वतःच उघडून बघितलं होतं. बाईंनी कळ दाबली. चिक!

"झालं," बाई म्हणाल्या आणि माझं झाकण मिटायला लागल्या.

तो तिथेच उभा होता. "आई," तो म्हणाला, "अजून एक काढ."